तेल आणि पाणी यांचा मध्यस्थ

जेवणे आटोपल्यावर ओशट भांडे पाण्यात बुडविले, की तेलाचे बारीक डोळे पाण्यावर तरंगू लागतात, हे आपल्या घरांतील प्रत्येक माउलीने पाहिले आहे. पाणी कितीही ढवळले तरी क्षणभर विखुरलेले थेंब पुन्हा एकत्र येतात. परंतु त्यात थोडा साबण पडला, की तेच तेल दुधाळ होऊन पाण्याबरोबर निघून जाते. या दोघांचे वैर मिटविणारा मध्यस्थ तो कोण?

या प्रश्नाच्या उत्तराची एक वाट जर्मनीतील एका स्वयंपाकघरातून गेली आहे. आग्नेस पॉकेल्स हिचा जन्म १८६२ साली झाला. त्या काळी तेथील विद्यापीठांची दारे मुलींना बंद होती. ब्राउनश्वाइग शहरात आजारी आईवडिलांची शुश्रूषा व घरकाम हेच तिचे जीवन होते. भांडी धुताना ओशटपणाने पाण्याचा पृष्ठभाग कसा बदलतो, हे ती निरखीत राहिली. धाकटा भाऊ फ्रिड्रिश पदार्थविज्ञान शिकत होता. त्याच्याकडून तिला पुस्तके मिळत.

तिने पत्र्याचे एक पसरट पात्र काठोकाठ भरले व त्यावर एक सरकती पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवून पृष्ठभाग लहानमोठा करावयाचा, आणि पाण्याला चिकटलेली लहानशी चकती उचलण्यास किती बळ लागते ते साध्या तराजूने मोजावयाचे, अशी तिची रीत होती. पृष्ठभागावरील तेलकट थर एका ठराविक मर्यादेपर्यंत आवळला, की पाण्याचा ताण एकाएकी उतरू लागतो, असे तिला आढळले. १८९१ च्या जानेवारीत तिने हे सारे इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळविले. त्यांनी पत्राचे भाषांतर ‘नेचर’ या नियतकालिकाकडे धाडले, आणि मार्च महिन्यात ते छापून आले.

तो थर केवळ एका रेणूच्या जाडीचा असतो, हे पुढे स्पष्ट झाले. अमेरिकेतील आयर्विंग लँगम्यूर यांनी १९१७ साली दाखवून दिले, की असे रेणू पाण्यावर ओळीने उभे राहतात. त्यांचे एक टोक पाण्याला धरते. दुसरे पाण्याला टाळून तेलाकडे ओढ घेते. साबणाचा रेणू असाच दुतोंडी आहे. तेलाच्या थेंबाभोवती हे रेणू शेपूट आत व डोके बाहेर ठेवून उभे ठाकतात. त्यामुळे तेल व पाणी यांच्या सीमेवरील ताण कमी होतो आणि बारीक थेंब सहज बनतात. शिवाय त्या डोक्यांवर सारखाच विद्युद्भार असल्याने थेंब एकमेकांस दूर लोटतात व एकत्र येत नाहीत. अशा मिश्रणास शास्त्रात ‘पायस’ म्हणतात.

आपल्या गोठ्यातील दूध हे असेच पायस होय. त्यातील स्निग्ध कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या काही पटींएवढेच असतात, आणि प्रत्येकाभोवती प्रथिने व लेसिथिनसारखे पदार्थ यांचे आवरण असते. दूध न तापविता ठेवले तर हे कण हलके म्हणून वर येतात. पण आवरण शाबूत असल्यामुळे एकजीव होत नाहीत. दह्यात रवी फिरू लागली, की मात्र आवरणे फाटतात, उघडे पडलेले कण परस्परांस चिकटतात आणि लोण्याचा गोळा वर येतो. येथे सारे उलट होते: दुधात स्निग्धांश थेंबरूपाने होता, लोण्यात पाणी थेंबरूपाने अडकते. लोणी कढविताना तडतडते ते हेच पाणी!

१९३२ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने आग्नेस हिला सन्माननीय डॉक्टर पदवी दिली. त्याच वर्षी पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी लँगम्यूर यांना नोबेल पारितोषिक लाभले. त्यांच्या संशोधनातील पात्र आग्नेसच्या पत्र्याच्या पात्राचीच सुधारलेली आवृत्ती होती.

वाचकहो, आपली कन्या भांडी घासता घासता पाण्याकडे पाहत थबकली, तर तिला लगेच कामचुकार म्हणू नका. काय दिसते, ते आधी तिला विचारा. आणि घरात तिच्या भावाची पुस्तके असतील, तर ती तिच्याही हाती द्या.