शाळेतला प्रोजेक्टर कोणाच्या भरवशावर?

दृक्‌श्राव्य साधने, म्हणजे चित्र आणि ध्वनी एकाच वेळी अनेकांपर्यंत पोहोचवणारी प्रोजेक्टर, स्पर्शपटल, ध्वनिवर्धक यांसारखी यंत्रे, गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रातील शाळांत आणि पालिकांच्या सभागृहांत मोठ्या प्रमाणावर आली. परंतु ती बसवणारा, जोडणारा आणि चालती ठेवणारा तंत्रज्ञ मात्र त्या वेगाने आला नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेची संचमान्यता, म्हणजे पटसंख्येनुसार ठरणारी पदांची मंजुरी, शिक्षकांपुरती असते आणि यंत्रे सांभाळणाऱ्याचे पद तीत नसते. त्यामुळे हे काम ‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एखाद्या उत्साही गुरुजींकडे, पुरवठादाराच्या कंत्राटी माणसाकडे किंवा तालुक्याच्या बाजारपेठेतील मेकॅनिककडे जाते.

हे असेच असावे लागते, असे मात्र नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाच्या साहाय्याने ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग केला, तेव्हा सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरदर्शनसंच बसवले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, तरी त्या प्रयोगातील एक गोष्ट येथील योजनाकारांनी उचलायला हवी होती : संचांच्या दुरुस्तीसाठी तंत्रज्ञांची आणि देखभाल केंद्रांची तजवीज मूळ आराखड्यातच केलेली होती. पुढे डिजिटल शाळांची लाट आली, गावोगावच्या लोकवर्गणीतून प्रोजेक्टर घेतले गेले, फीत कापली गेली आणि देखभालीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा हा प्रश्न तसाच राहिला.

प्रोजेक्टर बिघडण्याचे सर्वांत सामान्य कारण इलेक्ट्रॉनिक नसून धूळ हे असते. दिव्याच्या जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टरमध्ये पाऱ्याच्या वाफेचा उच्चदाब दिवा असतो, तो प्रचंड तापतो आणि त्याला थंड ठेवण्यासाठी पंखा जाळीतून बाहेरची हवा आत ओढतो. खडूची भुकटी आणि मैदानावरची माती त्या जाळीवर साचून नमद्यासारखा थर झाला, की हवा अडते, आतील तापमान वाढते आणि यंत्र स्वतःच्या बचावासाठी ऐन तासाला बंद पडते. अशा वेळी जाणकार तंत्रज्ञ यंत्र उघडण्याआधी जाळी काढून मऊ ब्रशने साफ करतो, आणि पुष्कळदा दुरुस्ती तेथेच संपते. दिव्याचे आयुष्य साधारण काही हजार तासांचे असते; नवा दिवा बसवल्यावर यंत्रातील तासांची नोंद शून्यावर आणावी लागते, नाहीतर ते नव्या दिव्यालाही जुना समजून इशारे देत राहते. वीज अचानक गेली तर पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो, म्हणून वारंवार वीज जाणाऱ्या गावात प्रोजेक्टरसोबत यूपीएस घेणे ही चैन नव्हे. अलीकडच्या एलईडी आणि लेसर प्रोजेक्टरमध्ये दिवा बदलण्याची कटकट उरली नसली, तरी धूळ त्यांनाही सोडत नाही.

सभागृहातील काम वेगळ्या स्वभावाचे आहे. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक सदस्यासमोर लवचीक मानेचा माइक असतो. स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा त्याच माइकमध्ये शिरून वाढत गेला, की कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. तिला तंत्रज्ञ ‘फीडबॅक’ म्हणतात. तिच्यावर उपाय म्हणून स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून लावतात आणि एका वेळी सुरू राहणाऱ्या माइकची संख्या मर्यादित ठेवतात. अध्यक्षांच्या माइकला बहुधा अग्रक्रमाचे बटण असते. ते दाबताच इतरांचे माइक बंद होतात आणि मग दोष यंत्रणेचा की राजकारणाचा, हे तंत्रज्ञाला विचारले जाते. सभेचे ध्वनिमुद्रण इतिवृत्त लिहिताना आधाराला घेतले जात असल्यामुळे सदोष अर्थिंगमुळे येणारी सततची घरघर ही तेथे केवळ कानांची गैरसोय राहत नाही.

या कामासाठी लागणारे मनुष्यबळ दुर्मीळ नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि तो पूर्ण करणाऱ्या मुलामुलींना थोडा सराव मिळाला, तर केंद्रातील, म्हणजे एका केंद्रप्रमुखाच्या कक्षेतील, दहा-पंधरा शाळांची यंत्रे एकच व्यक्ती फेरीने तपासू शकेल. पावसाळ्यात दमट खोलीत पडून राहिलेले संच, उंदरांनी कुरतडलेल्या केबली आणि सुट्टीनंतर सुरूच न होणारे स्पर्शपटल यांतील बराचसा बिघाड अशा फेरीत आधीच टळतो. म्हणून ज्या शाळा व्यवस्थापन समित्या आणि ग्रामपंचायती यंत्रखरेदीचा ठराव करणार आहेत, त्यांनी वार्षिक देखभालीची रक्कम आणि ती करणाऱ्या माणसाची नेमणूक त्याच ठरावात लिहून घ्यावी. ती नसेल तर खरेदी पुढच्या वर्षावर ढकललेली बरी.