बुरशीची पेंड, गोठ्यातली गाय आणि आपलं लिव्हर

आजचा विषय लिव्हर, म्हणजे यकृत. माणसाचं पण आणि गोठ्यातल्या गाईचं पण.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. लिव्हर म्हणजे शरीराचा बॅकएंड. आतड्यातून रक्तात गेलेलं बरंचसं अन्न आधी तिथंच पोचतं. पित्त बनवणं, रक्त गोठवणारी प्रथिनं बनवणं, अमोनियाचा युरिया करून लघवीवाटे बाहेर काढायला पाठवणं, ही सगळी कामं त्याचीच. ते बिघडलं की बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ रक्तात साठतो आणि डोळे पिवळे होतात. हीच कावीळ. बिघाड वाढला तर पायाला सूज येते, पोटात पाणी होतं.

गाईच्या लिव्हरवर तर जास्त लोड असतो. आपण भाकरी खाल्ली की तिची साखर होऊन रक्तात येते. गाईच्या पोटात मात्र जिवाणू चारा आंबवतात, साखर फारशी उरतच नाही. तिला लागणारी जवळजवळ सगळी साखर लिव्हर स्वतः तयार करतं. दुधातली साखरसुद्धा त्यातूनच बनते. म्हणून लिव्हर बिघडलं की गाय चारा कमी खाते आणि दूध घटतं.

आता आपल्या बीडकडे या. आष्टी, कड्याकडं कित्येक घरं दुधावर चालतात. दुष्काळात चारा महाग होतो, 2019 मध्ये तर जिल्ह्यात चारा छावण्या होत्या. अशा वेळी बुरशी आलेली सरकी पेंड किंवा भिजलेला मका फेकायला जीव होत नाही. "आपल्याला चालत नाही ना, मग जनावराला घाल," असं म्हणतो आपण. खरी गडबड इथंच आहे.

या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, आणि ते थेट लिव्हरवर जातं. 1960 मध्ये इंग्लंडात शेंगदाणा पेंड खाऊन एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, तेव्हा याचा शोध लागला. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या गावांत लोकांनी पावसात भिजलेला, बुरशीचा मका खाल्ला. जवळपास 400 जण कावीळ आणि पोटात पाणी होऊन आजारी पडले, त्यातले 106 गेले. त्याच घरांतली कुत्रीही मेली. विष एक, लिव्हर दोघांचंही.

आणि जनावराला घातलेलं विष तिथंच थांबत नाही. गाईच्या लिव्हरमध्ये त्याचं रूप बदलतं आणि एका दिवसाच्या आत ते दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही. म्हणजे गाईला घातलेली खराब पेंड चहातून परत आपल्याच घरात, लेकरांच्या पोटात. म्हणून तर सरकारी नियमात दुधासाठी किलोला 0.5 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे.

मग करायचं काय? मका, शेंगा कडक वाळवूनच भरा. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून लांब. वास आला किंवा हिरवी-काळी बुरशी दिसली, तर ती पेंड ना माणसाला ना जनावराला. नुसती वरची बुरशी झटकून उपयोग नाही, विष आत उरतं. घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले, तर झाडपाल्यात आठवडा घालवू नका, डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासा. गाय खाईना झाली तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा, आणि पेंड कुठली घातली तेही सांगा.

गावाकडं घरचा गोठा कोण बघतं? त्यांना हा भाग आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!