शनीजवळून केसरबाई गेल्या, चौथऱ्यावर मात्र बंदी!

आमच्या अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याला दोन शनी ठाऊक आहेत. एक आकाशातला आणि दुसरा नेवासे तालुक्यातल्या शिंगणापूरचा. आकाशातला शनी सूर्यापासून सुमारे 143 कोटी किलोमीटर दूर आहे. सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला त्याला साडेएकोणतीस वर्षे लागतात. या मंद चालीमुळेच त्याला शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा, हे नाव पडले. बारा राशींना साडेएकोणतीस वर्षे, म्हणजे एका राशीला सुमारे अडीच वर्षे. आपली रास, तिच्या मागची आणि तिच्या पुढची अशा तीन राशी धरल्या की झाली साडेसाती! शाळकरी मुलाला सुटेल असा हा हिशेब आहे. पण याच हिशेबावर भटा-ज्योतिषांची घरे चालतात आणि आमचा शेतमजूर उसनवारी करून दगडावर तेल ओततो.

आज शनीचा विषय काढण्याचे कारण मात्र वेगळे आहे. या अफाट विश्वात पृथ्वीखेरीज आणखी कुठे बुद्धिमान जीव आहेत काय? असतील तर त्यांच्यापुढे आपण माणसे कुठे बसतो? हे प्रश्न रिकामटेकड्यांचे आहेत असे समजून आंबेडकरी वाचकाने पान उलटू नये. कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला थेट आपल्याच गावात यावे लागते.

पहिल्या प्रश्नाबद्दल विज्ञान काय सांगते ते आधी पाहू. आपल्या एकट्या आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे आहेत. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह फिरतो, हे 1995 साली प्रथम सिद्ध झाले. आज असे सहा हजारांहून अधिक परग्रह नोंदले गेले आहेत. खुद्द शनीच्या घरातही आशेला जागा आहे. त्याचा एन्सेलाडस नावाचा उपग्रह जेमतेम पाचशे किलोमीटर व्यासाचा आहे. कॅसिनी यानाने 2005 साली त्याच्या बर्फातून उडणारे पाण्याचे फवारे पाहिले. बर्फाखाली खाऱ्या पाण्याचा समुद्र आहे आणि जीवसृष्टीला लागणारा फॉस्फरस त्या फवाऱ्यांत असल्याचे 2023 साली जाहीर झाले. ज्या शनीला आपण विघ्नकर्ता म्हणून भितो, त्याच्या अंगणात जीवनाची शक्यता शोधली जात आहे! संगमनेरहून पुण्याकडे जाताना आळेफाटा ओलांडला की नारायणगावजवळ खोडद लागते. तिथे 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आकाशाकडे कान लावून बसली आहे. पण जगात कुठेही अजून परग्रहवासीयांचा एकही खात्रीचा संदेश आलेला नाही. टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या उडत्या तबकड्यांचाही पुरावा नाही. शक्यता मोठी आहे, पुरावा शून्य आहे. विज्ञाननिष्ठ माणसाने एवढेच म्हणावे.

त्यांचा निरोप आला नसला तरी आपला निरोप गेलेला आहे. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. कधी काळी कुणा बुद्धिमान जीवाच्या हाती लागलीच तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली. शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीने तिच्यात 55 भाषांतले अभिवादन, 115 चित्रे आणि जगभरचे संगीत भरले. त्यात आपली मराठीही आहे. मराठीतली शुभेच्छा अशी की, परक्या जगातल्या जीवांनी याच जन्मी धन्य व्हावे. पुढच्या जन्माचा वायदा नाही, मागच्या जन्माच्या पापाचा हिशेब नाही. याच जन्मी! जन्मोजन्मीच्या थापा ऐकून पिढ्यान् पिढ्या उकिरड्यावर जगलेल्या समाजाला या दोन शब्दांचे मोल सांगायला नको.

आणि भारताच्या वतीने गायचा मान कोणाला मिळाला? सूरश्री केसरबाई केरकर यांना. गोव्यातल्या केरी गावी 1892 साली जन्मलेल्या केसरबाई कलावंत समाजातल्या. देवळाच्या सेवेला बाई बांधायची, तिच्या गळ्यावर आणि देहावर हक्क सांगायचा आणि वर तिलाच हलकी म्हणायचे, ही धर्माच्या नावाने चाललेली रीत या समाजाने सोसली. केसरबाईंनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षे तालीम घेतली आणि आपल्या गळ्याच्या बळावर रसिकांना मान तुकवायला लावले. 1969 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. देवदासी परंपरेने डागलेल्या समाजातली एक स्त्री आणि तिला विद्या देणारा मुसलमान उस्ताद! ज्यांना इथल्या व्यवस्थेने उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांनीच साऱ्या मानवजातीच्या वतीने अवकाशात तोंड उघडले. 16 सप्टेंबर 1977 रोजी केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज तेव्हा प्रवासाला निघून गेला होता.

त्यांच्या भैरवीचे बोल आहेत ‘जात कहाँ हो’. कुठे निघालीस, असे त्या बोलांत विचारले आहे. मराठी कानाला मात्र त्यात दुसराच प्रश्न ऐकू येतो: जात कुठे आहे? व्हॉयेजर-1 आज पृथ्वीपासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे. तिथवर कुठेही जात सापडलेली नाही. ती फक्त इथेच सापडते.

आता शिंगणापूरकडे वळू. 12 नोव्हेंबर 1980 रोजी व्हॉयेजर-1 शनीच्या ढगांपासून सुमारे सव्वा लाख किलोमीटरवरून गेले. म्हणजे देवळाच्या दारात वाढलेल्या समाजातल्या एका बाईचा आवाज शनीच्या अगदी जवळून गेला. शनी कोपला नाही. यान पुढे गेले आणि जवळपास अर्धशतक होत आले तरी संदेश पाठवत आहे. पुढच्या वर्षी व्हॉयेजर-2 तिथे पोहोचले तेव्हा कॅमेरे फिरवणारा त्याचा सांधा अडकला. शास्त्रज्ञांनी अभिषेक घातला नाही, शांत केली नाही. दात्यांमधले वंगण कमी पडल्याचे कारण त्यांनी शोधले, सांधा हळूहळू फिरवायचे ठरवले आणि तेच यान 1986 मध्ये युरेनसला व 1989 मध्ये नेपच्यूनला नेऊन दाखवले. तेल कमी पडले होते खरे, पण ते यंत्राला. शनीला नव्हे!

इकडे शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बाईने पाय ठेवला तर शनी विटाळतो, असे मानणारे आपण! 2000 साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीने डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या नेतृत्वाखाली या बंदीविरुद्ध आंदोलन केले, न्यायालयाचे दार ठोठावले. व्हॉयेजर-2 निघाले ती तारीख 20 ऑगस्ट. 2013 साली त्याच तारखेला दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. नोव्हेंबर 2015 मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढली, तेव्हा तेलादुधाने शुद्धीकरण झाले. शेवटी उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर 8 एप्रिल 2016 रोजी चौथरा महिलांना खुला झाला. बाईचा आवाज शनीजवळ पोहोचला 1980 साली आणि बाईचे पाऊल नेवासे तालुक्यातल्या दगडाजवळ पोहोचायला आणखी 35 वर्षे लागली.

चौथऱ्यावर चढल्याने मुक्ती मिळते असे आमचे म्हणणे नाही. बाबासाहेबांनी 1930 साली काळारामाचा सत्याग्रह केला तो देवाच्या दर्शनासाठी नव्हता, माणसाच्या हक्कासाठी होता. पाचच वर्षांनी आमच्या कोपरगावशेजारच्या येवल्यात त्यांनी तो धर्मच सोडण्याची घोषणा केली. बंदी मोडलीच पाहिजे. त्याचबरोबर दगडाची भीतीही सुटली पाहिजे.

आता दुसरा प्रश्न. समजा, ती तबकडी ऐकून कुणी परग्रहवासी आमच्या जिल्ह्यात उतरला, तर पारावरचे लोक त्याला काय विचारतील? “पावणं, कुठलं म्हणायचं? आडनाव काय?” आडनावावरून पत्ता लागला नाही तर “तुमच्यात सोयरीक कुणाकडं होती?” मग ठरेल की चहा कपात द्यायचा की बाजूला ठेवलेल्या पेल्यात. शिंगणापूरपासून सोनई हाकेच्या अंतरावर आहे. 1 जानेवारी 2013 रोजी तिथे जातीबाहेरच्या प्रेमापायी मेहतर समाजातल्या तीन तरुणांची हत्या झाली आणि प्रेते शौचालयाच्या टाकीत व कोरड्या विहिरीत सापडली. त्या खटल्यात निदान जानेवारी 2018 मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात 28 एप्रिल 2014 रोजी 17 वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारून झाडाला लटकवले. साक्षीदार फितूर झाले आणि 2017 साली आरोपी सुटले. तबकडीवरच्या 115 चित्रांत यातले काहीच नाही. आपण परक्यांना आपली चांगली बाजू पाठवली. पाहुणा प्रत्यक्ष आला तर काय दाखवणार?

1961 साली फ्रँक ड्रेक या शास्त्रज्ञाने आकाशगंगेत संदेश पाठवू शकणाऱ्या किती संस्कृती असतील, याचा अंदाज करण्यासाठी एक सूत्र मांडले. तारे किती, ग्रह किती, त्यांतल्या किती ग्रहांवर जीव, असे करत त्याचा शेवटचा घटक येतो: अशी संस्कृती टिकते किती काळ? सगळे गणित तिथे अडते. दुर्बिणी आणि अणुबॉम्ब एकाच बुद्धीतून निघतात. मग टिकायचे ते कशाच्या जोरावर? बाबासाहेबांचे उत्तर आहे समता, स्वातंत्र्य आणि बंधुता. बंधुतेशिवायची बुद्धी स्वतःच्याच लेकरांना टाकीत गाडते. अशा बुद्धीला विश्वात कोण बुद्धी म्हणेल?

तथागत बुद्धांनी हजारो सूर्य आणि हजारो चंद्र असलेल्या लोकधातूंची गोष्ट सांगितली. पण जग सान्त की अनंत, यावर हट्ट धरणाऱ्या मालुंक्यपुत्ताला त्यांनी विषारी बाणाचा दृष्टान्त दिला: आधी बाण काढ, दुःख दूर कर. ग्रह-नक्षत्रांवरून भविष्य सांगून पोट भरणे त्यांनी भिक्खूंना वर्ज्य ठरवले. आकाश पाहावे, पण जमिनीवरच्या दुःखाकडे पाठ करून नव्हे.

सेगन यांच्यासारखे विज्ञानलेखक व्हावे, असे स्वप्न पाहणारा एक आंबेडकरी तरुण हैदराबादच्या विद्यापीठात होता. रोहित वेमुला. माणूस ताऱ्यांच्या धुळीतून घडला आहे हे त्याला कळले होते आणि आपली किंमत जन्मावरून ठरवली जाते हेही. 17 जानेवारी 2016 रोजी तो गेला. परग्रहावरच्या बुद्धीचा शोध जरूर चालू राहावा, आमच्या वस्त्यांतल्या मुलामुलींनी त्यात पुढे असावे. पण इथे जन्मलेली बुद्धी आधी जगवली पाहिजे. तेव्हा वस्तीतल्या विहारात एखाद्या रात्री दुर्बीण लावा. पोरींना पुढे उभे करा आणि शनीची कडी दाखवा. ज्या पोरीने शनी डोळ्यांनी पाहिला, तिला साडेसाती लावण्याची ताकद कोणत्याही ज्योतिषात राहणार नाही.