गल्ल्यावर कोण बसणार?

मुलांसाठी घरात जत्रा भरवायची म्हटलं की पहिली यादी होते ती फुग्यांची, केकची आणि सजावटीच्या सामानाची. मी आधी सुतळीचं बंडल आणि जुन्या साड्या काढते. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत सुतळी ताणायची, तिच्यावरून साडी सोडायची, पुढ्यात स्टूल किंवा पाट मांडायचा. झालं दुकान. कोथरूडच्या आमच्या लहानशा घरात अशी चार दुकानं आरामात मावतात, आणि दहा-बारा मुलांना चार दुकानं पुरतात.

माझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये बाल आनंद मेळावा भरतो, तो पुष्कळांनी पाहिला असेल. मुलं घरून भेळेचं सामान, मेथीच्या जुड्या, लिंबं, शेंगा घेऊन येतात आणि पटांगणात ओळीनं मांडून बसतात. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी तिथे ‘दहाला दोन, दहाला दोन’ म्हणून ओरडत असते, आणि पन्नासची नोट आली की न अडखळता चाळीस परत देते. हे पाहून पाहून माझं मत पक्कं झालं आहे. मुलांच्या जत्रेत दुकानात मोठ्या माणसानं बसूच नये. खेळ मुलांचे, तर गल्लाही मुलांचा.

त्यासाठी आमच्याकडे पुठ्ठ्याची नाणी असतात. आल्या आल्या प्रत्येकाला सहा मिळतात. एका खेळाला एक नाणं, भेळेच्या पुड्याला दोन. नाणी संपली तर आजीकडे मागायला यायचं नाही. कुठल्याही दुकानावर जायचं आणि विचारायचं, “दादा, मी बसू का?” पाच गिऱ्हाइकं सांभाळली की दोन नाणी मजुरी. यातून दुकानदार आपोआप बदलत राहतात आणि हरलेलं मूल कोपऱ्यात रुसून बसत नाही, कारण त्याला लगेच काम असतं. शिवाय दुकानदार झालेलं मूल नियमाला फार पक्कं असतं. “ए, रेघेच्या मागे हो!” हे मला कधी ओरडावं लागत नाही.

खेळ निवडताना मी एकच गोष्ट बघते : एक डाव मिनिटभरात संपला पाहिजे. रांगेत ताटकळलेली मुलं एकमेकांना ढकलू लागतात आणि तिथून जत्रा बिघडते.

माझा सगळ्यात आवडता खेळ पाण्यातल्या नाण्याचा. पारदर्शक बादली काठोकाठ भरायची, तळाशी मधोमध एक वाटी ठेवायची आणि वरून रुपयाचं नाणं वाटीत पडेल असं सोडायचं. वाटी अगदी समोर दिसते, म्हणून प्रत्येकाला वाटतं, हे तर सोपं आहे. नाणं पाण्यात शिरतं, जरासं तिरकं होतं आणि वाटीला बगल देऊन बाजूला जाऊन बसतं. चपटी वस्तू पाण्यातून पडताना किंचित जरी कलली तरी तिच्या दोन कडांवर पाण्याचा दाब सारखा राहत नाही, म्हणून ती झाडावरून सुटलेल्या पानासारखी डोलत खाली जाते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञानं १८५४ साली हवेतून पडणाऱ्या कागदाच्या पट्टीवर एक लेख लिहिला होता. प्रश्न याच जातीचा. मुलांना मी हे आधी सांगत नाही. चार-पाच नाणी बुडाली की कोणीतरी म्हणतंच, “आजी, आडवं नको, उभं धरून टाकू?” मग सगळा घोळका बादलीभोवती गोळा होतो.

बाकीचे खेळ ओळखीचेच. दूध पावडरचे रिकामे डबे तीन, दोन, एक असे रचायचे आणि मोज्यांचे चेंडू मारून पाडायचे. मोज्याचा चेंडू उसळत नाही आणि काचेच्या कपाटाची काळजी राहत नाही. बादलीत चेंडू टाकायचा असेल तर तळाशी जाड पंचा घालावा, नाहीतर प्लास्टिकचा चेंडू आत पडूनही टुणकन बाहेर येतो आणि मूल हिरमुसतं. बाटलीवर कडी टाकायच्या खेळात प्लास्टिकच्या बांगडीला सुतळी गुंडाळावी, म्हणजे ती आपटून उडत नाही. अंतर मी फरशीवर मोजते. आमच्या फरश्या दोन फुटी आहेत : चार वर्षांच्या मुलाला एक फरशी, दहा वर्षांच्या मुलाला तीन.

एक दुकान ज्योतिषाचं. पिंजऱ्यात कापडी पोपट, पुढे पाकिटं, आत मुलांनीच आदल्या दिवशी लिहिलेली भविष्यं. ‘उद्या तुझ्या डब्यात बटाट्याची भाजी असेल.’ ‘तुझा हरवलेला खोडरबर सापडेल.’ कधी एखादा मुलगा पाठीवर झूल घेऊन नंदीबैल होतो, दुसरा डबा वाजवत गुबुगुबू आवाज काढतो आणि विचारतो, पाऊस पडेल का? नंदीबैल मान डोलावतो. शहरात दारावर नंदीबैल क्वचितच येतो, पण एकदा दाखवलं की मुलं ते सोंग फार मन लावून वठवतात.

खाण्यात भेळ, लिंबू सरबत, गोडी शेव. पुडे मुलंच वळतात, पण कोऱ्या कागदाचे; छापील वर्तमानपत्राची शाई अन्नात उतरते. म्हातारीचे केस मात्र घरी होत नाहीत. त्या यंत्रात साखर वितळते, गरगर फिरत बारीक भोकांतून बाहेर फेकली जाते आणि हवेत तिचे धागे होतात. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये १८९७ साली ते यंत्र बनवणाऱ्या दोघांपैकी विल्यम मॉरिसन हे दातांचे डॉक्टर होते, हे सांगितलं की मुलं खूश होतात. गाडीवाल्याला बोलवायचं तर पांढरेच, रंग न घातलेले केस मागा. कापड रंगवायचा रोडामाइन बी हा रंग सापडल्यामुळे तामिळनाडू सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये या मिठाईवर बंदी घातली होती. पावसाळ्यात तर हा बेत नकोच. दमट हवेत केस मिनिटांत चिकट होऊन बसतात.

चार वर्षांखालच्या मुलांच्या हाती शेंगदाणे आणि लाह्या देऊ नका, घशात अडकतात. फुगा फुटला तर त्याचे तुकडे लगेच उचला, त्यांचाही तोच धोका. एखाद्या मुलाला गोंगाट सोसत नाही. त्याच्यासाठी आतल्या खोलीत भिरभिरी करायचं सामान ठेवा.

मोठं बक्षीस मी ठेवत नाही. जाताना प्रत्येकाच्या हातात पिपाणी आणि बत्ताशांची पुडी असते. त्याआधी चारही गल्ले सतरंजीवर ओतून मुलंच नाणी मोजतात. ज्या गल्ल्यात सगळ्यात जास्त नाणी निघतात, त्या खेळाची पुढच्या वेळी दोन दुकानं मांडायची, असं तिथेच ठरतं.