धडगावबद्दल ऐकलेलं आणि तपासलेलं

होळीच्या आधीचा आठवडा आला की सातपुड्यातल्या भोंगऱ्या बाजाराची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकू लागतात. चांदीचे दागिने, ढोल, बासऱ्या, आणि खाली ठरलेली ओळ: इथे तरुण-तरुणी जोडीदार निवडतात आणि पळून जाऊन लग्न करतात. धडगावविषयी, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या, कागदोपत्रीच्या अक्राणी तालुक्याविषयी, बाहेरच्या माणसाला एखादीच गोष्ट ठाऊक असेल तर ती बहुधा हीच असते. ती चुकीची आहे. ती का चुकीची आहे हे सांगता सांगता समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातलं बरंच काही सांगून होतं.

गैरसमज: भोंगऱ्या हा लग्नाचा बाजार आहे

भोंगऱ्या हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे. त्या आठवड्यात ज्या गावी ज्या दिवशी आठवडी बाजार असतो, तो भोंगऱ्या म्हणून भरतो. गूळ, डाळ्या, खजूर, हार-कंगण, कपडे, घुंगरं घ्यायला पाड्यांवरून अख्खी कुटुंबं उतरतात. तरुण मुलंमुली एकमेकांना भेटतात, तशी ती कुठल्याही जत्रेत भेटतात. पळून जाऊन लग्न करण्याची चाल भिल्ल-पावरा समाजात आहे, पण तिला या बाजाराची गरज नाही. लग्नबाजार म्हणून होणाऱ्या या वर्णनाला आदिवासी संघटनांनी जाहीर आक्षेपही घेतलेले आहेत.

मग हा समज इतका पक्का कसा झाला? एक दिवस येऊन, उंचावर उभं राहून, नटलेल्या मुलींचे फोटो घेणाऱ्याला जे दिसेल तेवढंच लिहिलं गेलं म्हणून. समाजशास्त्र इथे एक साधा प्रश्न विचारतं: हे विधान खोटं ठरवायचं असेल तर काय पाहावं लागेल? एखाद्या पाड्यावर गेल्या दहा वर्षांत झालेल्या सगळ्या लग्नांची यादी करावी आणि प्रत्येक जोडप्याला विचारावं, तुमचं कसं जमलं? मध्यस्थ कोण होतं, पंच कधी बसले? निम्मी लग्नं बाजारातून जमली असतील तर समज खरा, एखाददुसरंच असेल तर खोटा. तपासता येईल अशा विधानाला गृहीतक म्हणतात. ज्याची अशी तपासणी होऊच शकत नाही, ते कितीही सुंदर लिहिलेलं असो, संशोधनात त्याचा उपयोग नाही.

समाजशास्त्र म्हणजे चार पावसाळे पाहिलेल्या माणसाचं शहाणपण, असंही अनेकांना वाटतं. त्याला उत्तर 1897 मध्येच मिळालं. त्या वर्षी एमिल दुर्खीम या फ्रेंच अभ्यासकाने आत्महत्येसारख्या अत्यंत खासगी वाटणाऱ्या कृत्याची आकडेवारी तपासली आणि तिचं प्रमाण समाजगटागणिक वेगळं आणि वर्षानुवर्षं बऱ्यापैकी स्थिर असतं, हे दाखवलं. माणसाच्या मनात डोकावून हे कळलं नसतं.

गैरसमज: देज म्हणजे मुलीची विक्री

पावरा आणि भिल्ल समाजात लग्न ठरताना वराकडून वधूच्या घराला देज दिली जाते. रक्कम पंचांसमोर ठरते. मैदानी भागातल्या माणसाला हे कळलं की पहिला शब्द तोंडून निघतो तो ‘विक्री’. आपल्या समाजाचं माप दुसऱ्याला लावणं म्हणजे स्वसमूहकेंद्रितता, आणि समाजशास्त्र शिकणाऱ्याने सगळ्यात आधी स्वतःत शोधावी अशी ही खोड आहे. हुंडा देणाऱ्याला देज विचित्र वाटते. देज देणाऱ्याला मुलीसोबत वर पैसेही द्यायचे ही कल्पना तितकीच विचित्र वाटते.

डोंगरउतारावरच्या शेतीत, महू वेचण्यात, आमचूर वाळवण्यात बाईचं काम पुरुषाच्या बरोबरीचं किंवा जास्तच असतं. ती गेली की माहेरचे दोन हात जातात. शेतीत स्त्रियांचे श्रम जास्त असतात अशा समाजांत वरपक्षाने द्यायची प्रथा आढळते, असं एस्टर बोसरप यांनी 1970 च्या आपल्या पुस्तकात जगभरच्या उदाहरणांवरून मांडलं. काडीमोड, पुनर्विवाह हेही या व्यवहाराशी जोडलेले असतात. बाई दुसऱ्या घरी गेली तर आधीच्या देजेचा हिशेब पंच मिटवतात. विवाहसंस्था म्हणतात ती अशी नियमांची जुळणी असते. त्यातला एकच धागा उपसून बघितला तर त्याचा अर्थ लागत नाही.

पण इथेच उलटा गैरसमज दबा धरून बसलेला असतो: सांस्कृतिक सापेक्षता म्हणजे सगळ्याला मान डोलावणं. तसं मुळीच नाही. देजेची रक्कम वाढत गेली की तरुण मुकादमाकडून उचल घेतो आणि लग्नाचं कर्ज ऊसतोडीत फेडतो. ‘आम्ही पैसे मोजलेत’ असं सुनेला सुनावणारं सासर इथेही भेटतं. आणि डाकीण ठरवून एखाद्या बाईला गावाबाहेर काढणं ही प्रथा समजून घेता येते, माफ करता येत नाही. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्राने 2013 साली केला तो अशाच छळासाठी. प्रथा कशी चालते हे समजून घेणं हे अभ्यासाचं काम. तिच्यामुळे कुणाचं काय मोडतं हे सांगणंही त्याच अभ्यासाचं काम.

आणखी एक उडी टाळायला हवी. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 970 हून अधिक स्त्रिया होत्या, राज्याची सरासरी 930 च्या आत होती. ‘बघा, देज असते तिथे मुलगी वाचते,’ असं म्हणण्याचा मोह होतो. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही. गर्भलिंग तपासणीची सोय कुठे किती पोहोचली, जमिनीचा वारसा कसा चालतो, स्थलांतराला पुरुष जातात की जोडपी, हे सगळं वेगळं काढून पाहिल्याशिवाय तसं म्हणता येणार नाही.

गैरसमज: जास्त लोकांना विचारलं की उत्तर बरोबर येतं

1936 साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, त्यातल्या वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि साप्ताहिकाने लँडन जिंकणार असं जाहीर केलं. रुझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून; मंदीच्या दिवसांत गरीब मतदार त्यांत नव्हताच. कितीतरी कमी लोकांना विचारून जनमत चाचणी घेणारे जॉर्ज गॅलप यांचा अंदाज बरोबर आला.

धडगावात मोटारमालकांच्या यादीची जागा डांबरी रस्ता घेतो. रस्त्यालगतच्या पाड्यांवर पाचशे घरं गाठता येतात, नर्मदाकाठच्या पाड्यांवर दिवसभर चालून मोजकी. पाचशे घरांचा अहवाल जाडजूड होतो, पण तो रस्त्याचा अहवाल असतो. दुसरा प्रश्न महिन्याचा. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. 2011 ची लोकगणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. नियम असा की या काळात जो घरी अजिबात नसेल, त्याला तो जिथे असेल तिथे मोजायचं. म्हणजे तोडणी कामगाराची नोंद उसाच्या फडाजवळच्या कोपीत व्हायला हवी होती. कोपी सुटली तर माणूस दोन्हीकडून सुटला. शाळागळतीची, कुपोषणाची पाहणी जानेवारीत केली तर नेमकी ज्यांच्यासाठी ती करायची तीच मुलं गावात नसतात. प्रश्न विचारणाऱ्याला पावरी किंवा भिलोरी येत नसेल, तर उत्तर देतो तो घरातला शाळा शिकलेला मुलगा. आई गप्प बसते आणि तिच्या वाट्याच्या रकान्यात मुलाचं मत जातं.

व्याख्या तर याहून मोठं काम करतात. ‘कुटुंब म्हणजे कोण’ हा पाठ्यपुस्तकातला रुक्ष प्रश्न वाटतो. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने महाराष्ट्रातली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली. नर्मदा जलविवाद लवादाच्या 1979 च्या निवाड्यात जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान 2 हेक्टर जमीन देण्याची तरतूद होती आणि प्रत्येक सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला होता. त्या व्याख्येत सज्ञान मुलगी नव्हती. एका वाक्याने कुणाला जमीन मिळणार आणि कुणाला नाही, हे ठरलं. लिंगभाव ही संकल्पना कशाला शिकायची, असं विचारणाऱ्याला हे उदाहरण द्यावं.

गैरसमज: आदिवासी समाज होता तसाच राहिला

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 साली सुरू झाला. त्याची धुरा पुढे सांभाळणारे गो. स. घुर्ये यांनी 1943 च्या पुस्तकात आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हटलं. मानवशास्त्रज्ञ वेरियर एल्विन त्यांचं वेगळेपण जपण्याच्या बाजूचे. वाद गाजला, पण दोन्ही बाजूंनी आदिवासींविषयी बोललं जात होतं, त्यांचं स्वतःचं म्हणणं त्यात फारसं नव्हतं. प्रत्यक्षात तो समाज बदलत होता: नंदुरबारच्या याच भागात 1930 च्या दशकात गुलाम महाराजांच्या आप चळवळीने हजारो भिल्लांना दारू सोडायला लावली, 1972 नंतर शहाद्यात भूमिहीन आदिवासी श्रमिक संघटनेतून जमीन आणि मजुरीसाठी लढले, त्यात बायका पुढे होत्या. धडगावचं आमचूर व्यापाऱ्यांमार्फत दूरच्या बाजारपेठांत जातं, इथली माणसं गुजरातच्या ऊसफडांत राबतात. याला एकाकी समाज म्हणणं म्हणजे डोळे मिटून घेणं आहे.

समाजशास्त्राचा प्रकल्प घेऊन सातपुड्यात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना एक विनंती. मे महिन्यात जा, ऊसतोडीची माणसं घरी असतात. पावरी किंवा भिलोरी बोलणारी सोबतीण घ्या आणि बाईचं उत्तर बाईकडूनच घ्या. फोटो काढण्याआधी विचारा, नकार मिळाला तर कॅमेरा आत ठेवा. हा सगळा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे आणि 1996 च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला मान दिलेला आहे. आधी तिथे जाऊन कशासाठी आलात ते सांगा. अहवाल लिहून झाला की परत तिथे जा आणि तो त्याच ग्रामसभेत, त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. लोक ‘हे चुकलंय’ म्हणाले तर ते लिहून घ्या आणि अहवालात तसं छापा.