घर विकताना : कंपनीचे नाव की माणूस?

वडखळ नाका म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग व अलिबाग रस्ता यांचा सांधा. त्यामुळे येथील घराला मुंबईचे गिऱ्हाईकही मिळते. अशा वेळी समाजबांधवांना प्रश्न पडतो, नामांकित कंपनी गाठावी की ओळखीचा दलाल?

कंपनीच्या नावाने गिऱ्हाईक लांबून येते, हे खरे. परंतु व्यवहार शेवटी एक माणूसच पार पाडतो. असेसमेंटचा उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे. घराखालची जमीन जुन्या महार वतनाची, नवीन शर्तीची असल्यास 1958 च्या वतन निर्मूलन कायद्यानुसार विक्रीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हे न सांगणारा दलाल कोणत्याही कंपनीचा असो, नुकसान आपलेच!

नव्या नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या दलालास 2017 पासून महारेराची नोंदणी लागते. 2023 मध्ये प्रशिक्षण व परीक्षेचाही नियम आला. जुन्या घराच्या विक्रीस हे बंधन नाही. म्हणून पारख आपणच करावी. त्याने पूर्वी केलेल्या व्यवहारांची चौकशी करा, दलाली आधीच लिहून घ्या, कोऱ्या कागदावर सही देऊ नका.

तथागतांनी सांगितलेली सम्यक आजीविका पाळणारा माणूस शोधावा. आणि विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना सहीपूर्वी प्रत्येक कागद वाचून दाखवावा.