नायगावच्या शाहिराची द्रौपदी

विठ्ठल उमप हे नाव आमच्या घरात रेडिओमुळे आले. दुसऱ्या पाळीला जायच्या आधी वडील जेवायला बसत आणि बाजूला ट्रान्झिस्टर चालू असे. पुढे कॅसेट आल्या. चौदा एप्रिलला चाळीच्या मैदानात मंडप पडला की पहिला लाऊडस्पीकर ज्याच्या आवाजाने उघडायचा, तो आवाज त्यांचाच. भीमगीत, कव्वाली, पोवाडा, भारूड, धनगरी ओवी, काय म्हणाल ते त्या गळ्यात होते. त्यातून ते १५ जुलै १९३१ चे नायगावचे. आम्हीही नायगावच्या बी. डी. डी. चाळीतले. त्यामुळे कौतुकात थोडा गल्लीचा अभिमानही मिसळलेला असे, हे कबूल केले पाहिजे.

पण इतकी वर्षे आम्ही ऐकला तो गायक. त्यांच्यातला नट पाहिला नव्हता. व्यासपीठावर गाताना हात कसे फिरतात, भुवई कशी उडते, एवढेच मैदानाच्या मागच्या टोकावरून दिसायचे. म्हणून २००४ साली परळच्या दामोदर नाट्यगृहात 'जांभूळ आख्यान'चा प्रयोग लागला, तेव्हा आम्ही ठरवले की या खेपेला घरच्या सगळ्यांनी जायचे. चार मोठी तिकिटे आणि दोन पोरे म्हणजे आमच्यासारख्या घरात दोन-तीन दिवसांच्या कमाईला चिमटा. थोरल्या भावाने अर्धे पैसे घातले. वहिनीने शेजारणीकडून ठेवणीतली साडी आणली.

अडचण आली ती आईची.

"जांभूळ म्हंजे काय रे ते?" तिने विचारले. आम्ही सांगितले, द्रौपदीची गोष्ट आहे, गोंधळी सांगतात ती. आईने भाकरी थापता थापता हात थांबवला. "छप्पन साली सगळं समुद्रावर सोडून आलो ना आपण? आन् आता तिकीट काढून द्रौपदी बघायची?"

हे तिचे बोलणे उगाच नव्हते. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत आई दादरच्या चौपाटीपर्यंत चालत गेली होती. बाबांच्या पार्थिवासमोर भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्या गर्दीला दीक्षा दिली, त्या गर्दीत ती उभी होती. घरी येऊन तिने देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन समुद्रात टाकले. तिचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, साताऱ्याकडे एका तमाशाच्या फडात झीलकरी होते, तुणतुणे धरायचे. त्यांनीही फड सोडला. बाबासाहेबांनी पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेले पैसे घेतले नाहीत, ही हकिकत त्या पिढीत घरोघर सांगितली जायची, आणि आजोबांनी ती मनाला लावून घेतली असावी. तुणतुणे कुणाला देऊन टाकले की चुलीत घातले, हे आईने आम्हाला कधी सांगितले नाही. आम्हीही कधी खोदून विचारले नाही.

वहिनी म्हणाली, "आत्याबाई, गाणारा आपलाच माणूस आहे. भीमाचीच गाणी गातो."

"म्हणून तर विचारते," आई म्हणाली.

शेवटी ती आली. नातवंडांनी हट्ट धरला म्हणून आली, असे ती सांगे. आम्हाला वाटते, नायगावचा विठ्ठल कसा दिसतो हे तिलाही बघायचे होते.

दामोदर हे गिरणगावचे नाट्यगृह. कामगारांची नाटके, नमन, दशावतार या सगळ्यांनी ते उभे राहिल्यापासून पाहिलेले. २०२३ साली ते बंद झाले, तेव्हा जुन्या मंडळींना घर पडल्यासारखे वाटले. त्या रात्री मात्र बाहेर चणेवाला होता, आत खुर्च्या करकरत होत्या आणि बाल्कनीत ओळखीचे निम्मे चेहरे. पुढच्या रांगांत दादर-पार्ल्याची मंडळीही होती. हे ध्यानात ठेवा, कारण एरवी या दोन प्रकारचे प्रेक्षक एका छपराखाली क्वचितच बसतात.

पडदा उघडला आणि संबळ कडाडला. गोंधळाची रीत अशी की आधी गावोगावच्या देवांना आवतण द्यायचे. इकडे देवांची नावे सुरू झाली आणि तिकडे आई मान खाली घालून पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. आमच्या पोटात गोळा आला. वाटले, आता ही उठते.

तेवढ्यात उमप पुढे आले. वय सत्तरीच्या पुढे, पण पाय असा टाकला की पोरे "आँ!" करून पुढे सरकली. आवाज त्यांनी लगेच मोठा केला नाही. आधी प्रेक्षकांशी गप्पा मारल्यासारखे बोलले, दोन कोट्या केल्या, आणि सभागृह हसते आहे तोवर गाण्यात शिरले. कुठे बोलणे संपले नि कुठे सूर लागला ते कळले नाही. कॅसेटमध्ये हे येत नाही. कॅसेटमध्ये गाणे एकदम सुरू होते.

आख्यानाची गोष्ट थोडक्यात अशी. पाच पांडवांची बायको द्रौपदी, पण कर्णाला पाहून तिच्या मनात येते की हाही आपला असता तर. कृष्ण ते ओळखतो. वनात झाडावरून तोडलेले जांभूळ पुन्हा देठाला लागायचे असेल, तर प्रत्येकाने मनातले खरे सांगायचे, असा पेच पडतो. एकेकजण खरे बोलतो तसतसे जांभूळ वर चढते. द्रौपदीची पाळी येते आणि ते अडते. ग्रंथातल्या महाभारतात ही गोष्ट नाही, ती लोकांनी रचली. गोंधळ्यांनी ती पिढ्यान् पिढ्या सांगितली, आणि पुढे इंडियन नॅशनल थिएटरने ती रंगमंचावर आणली.

द्रौपदी उमपांनीच केली. वेश बदलायला ते आत गेले नाहीत. डोक्यावरून पदर ओढल्याची नुसती खूण केली, मान जराशी कलली, आणि समोर बाई उभी राहिली. आधी पोरे खिदळली. बाप्या बाई झाला की हसायचेच, ही आपली सवय. मग ती द्रौपदी कर्णाला पाहते तो प्रसंग आला. त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत अशी काही लाज आणि असा काही लोभ एकदम आला की खिदळणे आपोआप थांबले. शेवटी खरे सांगायची वेळ आली तेव्हा आवाज अगदी बारीक झाला. पाठीमागे फक्त तुणतुणे वाजत होते. नाट्यगृहात पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

आम्ही आईकडे पाहिले. तिची मान वर होती. ती उमपांकडे बघत नव्हती. मागच्या बाजूला तुणतुणे घेऊन उभा असलेला जो पोरगा होता, त्याच्या बोटाकडे बघत होती.

प्रयोग संपल्यावर चालतच निघालो. भोईवाड्यापर्यंत कोणी बोलले नाही. मग वहिनीने तोंड उघडले. "सगळं छान. पण मला एक सांगा, पाच नवरे करून दिले तेव्हा तिला कोणी विचारलं नाही. आणि मनात एक नुसता विचार आला, तर चारचौघांत कबूल कर म्हणे! हा कुठला न्याय?"

भाऊ म्हणाला, "अगं, गोष्ट आहे ती."

"गोष्टच आहे. म्हणूनच विचारते."

आम्ही मध्ये पडून म्हटले की पांडवांनाही खरे सांगावे लागलेच की. वहिनी म्हणाली, "त्यांचं काय जात होतं?" याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. पण एवढे खरे की उमपांनी द्रौपदीची टर उडवली नाही. हसवायची जागा होती तिथे हसवले, आणि तिचे गुपित उघडे पडताना हसणे बंद केले. लोककलेच्या नावाखाली बाईची जी थट्टा आपण स्टेजवर पुष्कळदा पाहतो, ती तिथे नव्हती. आणि असे करणारा माणूस सकाळी वंदना घेणारा, बाबासाहेबांची गाणी रचणारा होता. आख्यान त्याने पूजा म्हणून केले नाही, कला म्हणून केले. हा फरक आम्हाला त्या रात्री दिसला. सगळ्यांना पटेल असे नाही. आमच्याच चाळीत दोघांनी नंतर आम्हाला सुनावले, की तुम्ही पैसे देऊन देवादिकांच्या कथा ऐकता. त्यांचेही बोलणे आम्ही ऐकून घेतले.

आई चाळीच्या जिन्यापाशी थांबली. दम लागला म्हणून थांबली असे वाटले. म्हणाली, "तुणतुणं जरा उतरलं होतं मधे. आबांनी कान पिळला असता त्या पोराचा." अठ्ठेचाळीस वर्षांत आजोबांच्या तुणतुण्याबद्दल तिने काढलेले हे पहिले वाक्य. मग जिना चढता चढता तिने सांगितले की आबांनी ते जाळले नव्हते. गाव सोडताना धाकट्या भावाकडे दिले होते, आणि जायच्या आदल्या रात्री दार लावून एकट्यानेच वाजवले होते. ती तेव्हा अंथरुणात जागी होती.

पुढे २००८ साली 'टिंग्या' सिनेमात उमप दिसले तेव्हा पोरांनी पडद्याकडे बोट करून सगळ्या थिएटरला सांगितले, "यांना आम्ही द्रौपदी झालेलं बघितलंय!" मागच्या रांगेतल्या माणसाला काही कळले नाही.

२६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरला दीक्षाभूमीवर लॉर्ड बुद्धा वाहिनीच्या कार्यक्रमात ते व्यासपीठावरच कोसळले आणि गेले. वय एकोणऐंशी. बातमी आली तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. आम्ही तिला हळूच सांगितले. तिने विचारले, "कुठं?" आम्ही म्हटले, "दीक्षाभूमीवर."

ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कॅसेट लाव. भीमाची लाव. आन् ती झाली का जांभळाचीही लाव."

जांभळाची कॅसेट आमच्याकडे नव्हती. वहिनीने चार दारे फिरून कुणाकडून तरी आणली.